एक हजार चारशे एक

१

पाकीट कुणीतरी फोडलं होतं. फोडणाऱ्यानं ते परत चिकटवलंही होतं, पण डिंक कडेनं असा ओघळला होता की चोरापेक्षा बालवाडीतल्या हस्तकलेचीच आठवण यावी.

निर्मातीबाईंनी ते पारदर्शक पिशवीत घातलं होतं आणि मेलेली पाल उचलावी तशी पिशवी दोन बोटांत धरून त्या उभ्या होत्या.

"काका, हात लावू नका. पुरावा आहे."

काका म्हणजे नियमकाका. प्रश्नमंजूषेचा हा कार्यक्रम टीव्हीवर सुरू झाला तेव्हापासून नियमांची वही त्यांच्याकडे. स्टुडिओच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसायचं, कोणी किती गुण मिळवले ते शिसपेन्सिलीनं लिहायचं आणि कुणी तंटा केला की नियम वाचून दाखवायचा, हे त्यांचं काम. पडद्यावरचे आकडे कॉम्प्युटर दाखवत असे, तरी काका स्वतः बेरीज करत. कॉम्प्युटरची आणि त्यांची बेरीज आजवर दोनदा जुळली नव्हती. दोन्ही वेळा कॉम्प्युटरनं माफी मागितली, असं काका सांगत.

"हे कुठलं पाकीट?" त्यांनी विचारलं.

"माझं. साक्षीचं."

प्रत्येक भागाच्या शेवटच्या प्रश्नाची दोन पाकिटं निघत. एक सूत्रसंचालकाच्या टेबलात, दुसरं साक्षीला निर्मातीबाईंच्या फायलीत. दोन्हींवर भागाचा क्रमांक. रेकॉर्डिंग संपलं की साक्षीचं उघडायचं आणि वाचलेला प्रश्न तोच होता ना, हे ताडून बघायचं. आज एक्केचाळिसावा भाग संपला, बाईंनी फाईल उघडली, तर हा डिंक.

"सकाळी तिन्ही स्पर्धकांनी माझ्या खोलीत करारावर सह्या केल्या, एकेकट्यानं," बाई म्हणाल्या. "फाईल टेबलावर होती. फोटो चिकटवायची डिंकाची बाटलीही तिथंच. आणि माझा फोन! तिघांच्या वेळी तीनदा वाजला, तिन्ही वेळा मी बाहेर गेले. आता मलाच बडवा."

"बडवायला वेळ कुठाय? चारला पुढचं रेकॉर्डिंग."

"तेच तर! चारला विजेत्या बाईंना परत खुर्चीत बसवायचंय. त्यांनी हे केलं असेल तर आज त्यांचा निकाल रद्द करायचा आणि कारणही जाहीर करायचं. काका, मला वाटतं त्यांनीच केलंय."

काकांनी घड्याळ पाहिलं. तीनला दहा कमी होती.

२

गुणांची वही उघडून काका आकड्यांकडे बघत बसले. माणसं खोटं बोलतात, आकडे फार तर गप्प बसतात, असा त्यांचा अनुभव होता.

शेवटच्या फेरीचा नियम साधा. आधी फक्त विषय सांगायचा. मग आपल्या गुणांपैकी किती डावावर लावणार, ते प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहून द्यायचं. प्रश्न त्यानंतर. उत्तर बरोबर आलं तर लावलेले गुण वाढतात, चुकलं तर तेवढेच जातात. दुसऱ्याची चिठ्ठी कुणाला दिसत नाही.

डाव लावायच्या आधी वकीलसाहेब होते १८,४०० वर. त्यांच्या मागे औषधांच्या दुकानातल्या बाई, १३,०००. तिसरा बसचालक, ७,२००. विषय निघाला 'मोजमाप'.

चालकानं सगळे लावले. वकिलानंही सगळे लावले. बाईंनी लावले १,४०१.

प्रश्न आला: किलोग्रॅमचं जुनं आंतरराष्ट्रीय प्रमाणवजन कुठल्या दोन धातूंच्या मिश्रणाचं होतं? उत्तर, प्लॅटिनम आणि इरिडियम. तिघंही चुकले. दोघं पुरुष शून्यावर आले आणि बाई ११,५९९ गुणांनी, चुकीचं उत्तर देऊन, जिंकल्या.

"बघितलंत?" निर्मातीबाई काकांच्या खांद्यावरून म्हणाल्या. "प्रश्न कुणालाच येणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून बाकीचे घर लावून बसले आणि ह्यांनी चिल्लर टाकली. शिवाय सील उघडणं-लावणं हा त्यांचा रोजचा धंदा."

"रोजचा खरा," काका म्हणाले. "म्हणून तर डिंक ओघळला नसता."

"काका, हे काही उत्तर नाही."

नव्हतंच. काका उठले.

३

बसचालक उपाहारगृहात तिसरा चहा घेत होता. शून्यावर आलेला माणूस इतका खूश काकांनी पाहिला नव्हता.

"सगळे का लावलेस रे?"

"काका, मी सात हजारांवर. पुढचा अठरावर. खड्ड्यात पडलेल्यानं उडी मारायची नाही तर काय रांगोळी काढायची?"

"सकाळी खोलीत एकटा किती वेळ होतास?"

"सही केली, फोटो चिकटवला, बोटं चिकटली, बाहेर आलो. दोन मिनिटं. वकीलसाहेब होते आत वीस मिनिटं! प्रत्येक कलम वाचत होते म्हणे. आमच्याकडे तेवढ्यात बस डेपोतून निघून परत येते."

काका हसले. सकाळच्या फेरीत ह्याच गड्यानं सगळा स्टुडिओ हसवला होता. 'युरेका' ओरडत न्हाणीघरातून धावत सुटला अशी ज्याची गोष्ट सांगतात तो कोण, असा प्रश्न होता. ह्यानं बझर दाबून छाती फुगवून सांगितलं, एराटोस्थेनिस!

"ते नाव सुचलं तरी कुठून तुला?"

"शाळेत एकच ग्रीक नाव पाठ झालं होतं. पृथ्वीचा घेर सावलीवरून मोजला म्हणे त्यानं. पस्तीस वर्षं वाट बघत होतो कुठं वापरायला मिळतंय. वापरलं, आणि चुकीच्या जागी!"

काकांनी वहीचं सकाळचं पान काढलं. चालकाच्या गुणांखाली त्यांच्याच अक्षरात होतं: पाण्याचा पेला सांडला, चार मिनिटं थांबलो. पेला वकिलाचा होता. तेव्हा सगळे हसत होते. हसताना हात लागतो माणसाचा.

फक्त वकीलसाहेब तेव्हा हसत नव्हते, हे काकांना आत्ता आठवलं.

४

वकीलसाहेब मेकअपच्या खोलीत चेहऱ्यावरची पावडर पुसत होते. नियमकाकांना पाहून ते मोकळेपणानं हसले.

"पाकीट फोडलंय म्हणे. बातमी पोचली. काका, मी तुमचं काम सोपं करतो. मी सगळे गुण लावले आणि हरलो. चोर असतो तर निदान जिंकलो तरी असतो!"

मुद्दा बिनतोड होता. काकांनी मनातल्या मनात त्याला दाद दिली.

"पण सगळे का लावलेत? आघाडीवरच्यानं?"

"आत्मविश्वास."

"मोजमापावर?"

"ज्ञान हे अखंड असतं, काका."

काकांची नजर दाराबाहेर गेली. कॉरिडॉरमधल्या भिंतीवर हंगामाचा फळा टांगलेला होता. सर्वाधिक गुण, ३६,०००. खाली विक्रमवीराचा हसरा फोटो. वकीलसाहेब सकाळी त्या फळ्यापाशी बराच वेळ उभे होते आणि फोटो कोण काढतं ते विचारत होते.

अठरा हजार चारशेची दुप्पट किती होते, ते काकांना पेन्सिलीशिवाय कळलं.

पण मग हा माणूस चुकला कसा?

५

औषधवाल्या बाई विश्रांतीच्या खोलीत ताठ बसल्या होत्या. शेजारी त्यांची थोरली बहीण. दोघींच्या मांडीवर सारख्याच पिशव्या, दोघींच्या नाकावर सारखेच चष्मे. फरक इतकाच, की थोरली बोलत होती.

"बारा वर्षं आम्ही दोघी हा कार्यक्रम बघतोय हो! शेवटचा विषय आला की टीव्ही थांबवायचा. तिघांचे गुण कागदावर घ्यायचे. कुणी किती लावावेत ते दोघींनी वेगवेगळं लिहायचं. मग टीव्ही चालू. जी चुकेल तिनं भांडी घासायची. बारा वर्षांत हिनं किती वेळा घासली विचारा."

"ताई, गप्प बस गं."

"अकरा वेळा!"

काका समोर बसले. "बाई, तुमच्यावर आळ आहे. निकाल रद्द होऊ शकतो."

बाई हळू म्हणाल्या, "निकाल जाऊ दे. उद्या दुकानात गिऱ्हाईक येईल. मी बाटली पुढे करीन. आणि तो आधी झाकण बघेल, हिनं फोडलंय का म्हणून. तीस वर्षांत माझ्या हातून घेतलेलं झाकण कुणी उलटंसुलटं करून पाहिलेलं नाही. ते पाहायला लागले की मी दुकान बंद केलेलं बरं."

थोरलीही गप्प झाली, म्हणजे प्रकरण खरंच गंभीर होतं.

"एक हजार चारशे एक," काका म्हणाले. "हा आकडा कुठून आला ते सांगा. सावकाश."

"सोपं आहे. मी तेरा हजारांवर. सगळे लावून जिंकले तर सव्वीस. वकीलसाहेब पुढे आहेत, ते शहाणे असतील तर माझ्या सव्वीसवर एक गुण राहील एवढं लावणार. म्हणजे सात हजार सहाशे एक. त्यांचं उत्तर बरोबर आलं तर मी काहीही केलं तरी हरणार. मग त्याचा विचारच कशाला? ते चुकले तर येणार दहा हजार सातशे नव्याण्णववर. तेव्हा मी चुकले तरी मला त्यांच्या वर राहायचं. म्हणजे बावीसशेपेक्षा जास्त लावायचं नाही."

"मग काहीच का नाही लावलं?"

"आणि हे बसवाले दादा? ते सगळे लावणार. बरोबर आले तर चौदा हजार चारशे. मी तेराच्या तेरावर बसले तर ते माझ्यावरून बस घालून जातील. त्यांच्यावर एक गुण राहायचा, तर चौदाशे एक हवेत. चौदाशे एकपासून बावीसशेपर्यंत जागा होती."

"मग बावीसशे का नाही?"

बाईंनी काकांकडे असं पाहिलं, जसं त्या दिवसातून चार वेळा गोळी घेऊ का विचारणाऱ्याकडे पाहत असतील.

"लागते तेवढीच मात्रा द्यायची. जास्त दिली म्हणून माणूस जास्त बरा होत नाही."

काकांनी पेन्सिल खाली ठेवली. त्या कोपऱ्यात बसून त्यांनी शेकडो डाव लिहून घेतले होते. गाजलेल्या प्राध्यापकांचे, बुद्धिबळपटूंचे. छाती ठोकून लावलेले, देवाचं नाव घेऊन लावलेले. इतका स्वच्छ धुतलेला आकडा त्यांच्या वहीत आजवर पडला नव्हता.

आणि त्याच क्षणी दुसरीही एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. प्रश्न कुणालाच येणार नाही हे ज्याला ठाऊक आहे, तो कशाला काही लावेल? आणि उत्तर ज्याला ठाऊक आहे, तो चौदाशे एकवर कशाला थांबेल? हा आकडा फक्त अशाच माणसाला सुचेल, ज्याला आपलं उत्तर येणार की नाही, बसवाल्याचं येणार की नाही, काही म्हणजे काही ठाऊक नाही. बाईंचं अज्ञान त्यांच्याच अक्षरात चिठ्ठीवर लिहिलेलं होतं.

पण निर्मातीबाईंना अज्ञान नको होतं, चोर हवा होता. साडेतीन वाजले होते.

६

प्रश्नवाली मुलगी केसांत तीन पेन्सिली खोचून, चौथी चावत, आपल्या टेबलाशी बसली होती. सगळे प्रश्न ती काढायची, तीच तपासायची आणि पाकिटंही तीच बंद करायची.

"काका, शक्यच नाही! एक्केचाळीसचं पाकीट कुणी फोडूच शकत नाही. जेवणानंतर मी स्वतः ते सूत्रसंचालकांच्या टेबलात ठेवलं आणि रेकॉर्डिंग संपेपर्यंत तिथून हलले नाही."

"जेवणानंतर?" काका म्हणाले. "पाकिटं तर सकाळीच ठेवतात."

पेन्सिल चावायची थांबली.

"काका... फोडलेलं पाकीट कुठलं आहे?"

"मॅडमच्या फायलीतलं. साक्षीचं."

मुलीनं दोन्ही हात डोक्याला लावले. एक पेन्सिल खाली पडली.

"मेले! ते बदलायचं राहिलं!"

पाच मिनिटांनी ती, काका आणि निर्मातीबाई पारदर्शक पिशवीभोवती उभे होते.

"पुरावा आहे, पुरावा आहे म्हणून तुम्ही हे उघडलंच नाहीत ना मॅडम?" काकांनी विचारलं.

"हात कसा लावणार?"

"लावा आता."

बाईंनी कार्ड बाहेर काढलं. वाचलं. उलटं करून पाहिलं आणि परत वाचलं.

"हा तो प्रश्नच नाही!"

कार्डावर होतं: सावलीच्या लांबीवरून पृथ्वीचा घेर प्रथम मोजणारा म्हणून कोण ओळखला जातो? उत्तर, एराटोस्थेनिस.

"बसवाल्यांमुळे!" मुलगी रडकुंडीला आली होती. "जे नाव त्या दिवशी मंचावर बोललं गेलं, ते शेवटच्या प्रश्नाचं उत्तर असू शकत नाही. नियम आहे आपला."

"अठ्ठाविसावा," काका म्हणाले.

"त्यांनी 'युरेका'ला एराटोस्थेनिस म्हटलं आणि माझा प्रश्न मेला. जेवणाच्या सुट्टीत मी नवीन काढला आणि टेबलातलं पाकीट बदललं. तुमचं बदलायला आले तर तुम्ही मीटिंगमध्ये. नंतर बदलू म्हटलं, ते राहूनच गेलं. आणि बदल झाला की मी कुणाला सांगत नाही. सांगितलं की ती बातमी होते."

"म्हणजे ज्यानं पाकीट फोडलं," निर्मातीबाई सावकाश म्हणाल्या, "त्यानं मेलेला प्रश्न चोरला."

"आणि चिठ्ठी लिहीपर्यंत त्याला पत्ता नव्हता," काका म्हणाले. "चला, उत्तरांची कार्डं काढा."

७

चारला वीस कमी असताना सगळे निर्मातीबाईंच्या खोलीत जमले. वकीलसाहेब दाराजवळच्या खुर्चीत पायावर पाय टाकून बसले.

काकांनी नियमांची वही मिटून मांडीवर ठेवली. ती मिटलेली बघायची कुणालाच सवय नव्हती.

"आज दोघांनी सगळे गुण लावले," ते म्हणाले. "चालकानं लावले कारण त्याला दुसरा रस्ता नव्हता. वकीलसाहेब, तुम्हाला होता. सात हजार सहाशे एक लावून तुमचं भागत होतं. त्यावरचा प्रत्येक गुण म्हणजे फुकटचा धोका. आघाडीवरचा माणूस घर विकून लॉटरी घेत नाही, त्याला तिकिटाचा नंबर माहीत असल्याशिवाय. पण छत्तीस हजारांचा विक्रम मोडायचा, तर सात हजारांनी काम होत नव्हतं."

"आत्मविश्वास, म्हटलं ना."

"पहिल्या फेरीत मोजमापाचे पाच प्रश्न आले. पाचही वेळा तुमचा हात बझरकडे गेला नाही. माझ्याकडे लिहिलेलं आहे. दुपारी एवढं ज्ञान आलं कुठून, जेवणातून?"

थोरली बहीण खुदकन हसली. धाकटीनं कोपर मारलं.

"तरी मी चुकलो," वकीलसाहेब म्हणाले. आवाज तोच, पण वरचा पाय खाली आला होता. "चोरलेलं उत्तर चुकत नाही, काका."

"प्रश्नच बदलला तर चुकतं."

काकांनी वकिलाच्या उत्तराचं कार्ड टेबलावर ठेवलं. 'प्लॅटिनम आणि चांदी'. त्याच्या वर जाड काळ्या रेघांनी गिचमिड करून काहीतरी खोडलेलं.

"हे तुम्ही प्रश्न ऐकायच्या आधी लिहिलंत. सूत्रसंचालक पाकीट उघडत होते तेव्हाच तुमचं पेन चाललं होतं. घाई झाली होती तुम्हाला. मग किलोग्रॅम कानावर पडला आणि खोडावं लागलं. पुढून काही वाचता येत नाही. पण हे पेन कागदाच्या आरपार झिरपतं. शाईवर शाई चढली तरी पहिल्या अक्षरांचे ठिपके मागे राहतात."

त्यांनी कार्ड उलटं केलं आणि निर्मातीबाईंच्या पर्समधला छोटा आरसा त्यापुढे धरला. बसचालक वाकून वाचू लागला.

"ए... रा... टो..." तो ताठ झाला. "अहो, हा तर माझा माणूस!"

वकीलसाहेबांनी आरशात एकदा पाहिलं, मग खिडकीबाहेर.

"न्यायालयात हे टिकणार नाही," ते शेवटी म्हणाले.

"न्यायालय कुठं आलं? कलम नऊ. कार्यक्रमाच्या कुठल्याही बंद कागदाला हात लावल्यास स्पर्धक बाद. वीस मिनिटं वाचून सही केलीत त्यावर," काका म्हणाले. "आणि एक सांगू? चोरी केली नसतीत, शहाण्यासारखे सात हजार सहाशे एक लावले असतेत, तरीही तुम्ही आज हरलाच असता. दहा हजार सातशे नव्याण्णववर आला असता. बाई अकरा हजार पाचशे नव्याण्णववर आहेत. त्यांनी तुम्हाला प्रामाणिक धरूनच हरवलं होतं."

वकीलसाहेब उठले. दारापाशी ते औषधवाल्या बाईंसमोर आले आणि मान खाली घालून बाहेर गेले.

"म्हणजे," बसचालक अजून हिशोब लावत होता, "मी चुकीचं नाव घेतलं म्हणून प्रश्न बदलला. प्रश्न बदलला म्हणून चोर सापडला. मावशी, माझं चुकलेलं उत्तरच आजचं सगळ्यात बरोबर उत्तर की हो!"

"पेढे मागू नका," थोरली म्हणाली. "शून्यावर आहात."

निर्मातीबाईंनी औषधवाल्या बाईंचे दोन्ही हात धरले. "माफ करा. मी तुमच्यावरच..."

"असू द्या. पण मॅडम, पाकीट असं बंद करतात का कुणी?" बाईंनी टेबलावरचं ओघळलेलं पाकीट दुरून, हात न लावता न्याहाळलं. "डिंक नुसता लावून काय उपयोग? जोडावर आडवी सही करायची, अर्धी झाकणावर, अर्धी पाकिटावर. उघडलं की सही तुटते, परत जुळत नाही. विषारी औषधांच्या पुड्यांना मी तीस वर्षं तसंच करते."

काकांनी नियमांची वही उघडली आणि नवा नियम लिहायला घेतला. बाई सांगत होत्या, ते उतरवत होते. मधेच थोरलीनं 'सही' शब्दाआधी 'पूर्ण' घालायला लावलं. घातला.

चारला पाच कमी असताना बाई आपल्या खुर्चीत जाऊन बसल्या. सूत्रसंचालकाच्या टेबलात नवं पाकीट होतं, जोडावर प्रश्नवालीची आडवी, पूर्ण सही. दिवे लागले.

कोपऱ्यातल्या अंधारात काकांनी गुणांच्या वहीचं मागचं पान पुन्हा एकदा पाहिलं. त्या वहीत आकड्यांखेरीज एक अक्षर लिहायचं नाही, हा नियम त्यांनी स्वतःच केलेला. पेला सांडल्याची नोंदसुद्धा वाया गेलेल्या वेळेचा आकडा आहे म्हणून चालवून घेतलेली. १,४०१ पुढे त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं, 'शाब्बास'.

मग खोडायला रबर हातात घेतलं. तेवढ्यात पहिला बझर वाजला, आणि रबर खिशात गेलं.